हरिभाऊंकडे परत जाताना

‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी तुमच्यापैकी अनेकांनी यापूर्वी वाचलेली असेल. कोणी शाळेत असताना, कोणी गावच्या ग्रंथालयातून आणलेल्या, पाने सुटलेल्या प्रतीतून. यमूचे पुढे काय होते हे ठाऊक असल्यामुळे पुस्तक पुन्हा उघडण्याचे कारण नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. ही समजूत काही वेळ बाजूला ठेवा आणि प्रथम हरि नारायण आपटे यांच्या चरित्राकडे पाहा. लेखकाने कोणत्या वयात काय लिहिले हे कळले, म्हणजे आपण ते कोणत्या वयात वाचले याचाही विचार करता येतो.

हरिभाऊंचा जन्म 8 मार्च 1864 रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. आई लहानपणीच गेली. पुढे मुंबईत आणि नंतर पुण्यात, चुलते महादेव चिमणाजी आपटे यांच्या छत्राखाली ते वाढले. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये चिपळूणकर, टिळक, आगरकर यांचा सहवास त्यांना लाभला. चिपळूणकरांच्या निधनानंतर त्यांनी विलापिका लिहिली, तर आगरकरांनी केलेल्या ‘हॅम्लेट’च्या रूपांतरावर दीर्घ परीक्षण लिहिले. गुरूविषयी आदर असूनही त्याच्या ग्रंथाचे दोष दाखविणारा हा विद्यार्थी महाविद्यालयात मात्र रमला नाही. पदवी मिळाली नाही. इंग्रजी कादंबऱ्यांचे वाचन मात्र अखंड चालू राहिले. प्रौढपणी पुन्हा अभ्यासाला बसलेल्या तुम्हांला हे वाचून थोडे बरे वाटले, तर त्यात गैर काही नाही.

1885 मध्ये, म्हणजे वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांची ‘मधली स्थिती’ अवतरली. तिला रेनॉल्ड्स या त्या काळी हिंदुस्थानात अतिशय लोकप्रिय असलेल्या इंग्रजी कादंबरीकाराचा आधार होता. म्हणजे तरुणपणच्या आवडत्या लेखकाचा हात धरूनच हरिभाऊंनी पहिले पाऊल टाकले. अवघ्या पाच वर्षांनी, 1890 मध्ये, त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि त्यात यमूची कथा क्रमशः येऊ लागली, तेव्हा तो हात सुटला होता. रहस्ये आणि योगायोग मागे पडले. माजघर, ओटी आणि स्वयंपाकघर पुढे आले.

ही कथा 1893 पर्यंत चालली. ‘करमणूक’च्या वाचकाला ती आपल्याप्रमाणे दोन-चार रात्रींत संपविता येत नव्हती. भावाबरोबर खेळणारी लहान यमू, नंतरची सासुरवाशीण, मुंबईत रघुनाथरावांबरोबर काही काळ मोकळा श्वास घेणारी तरुण स्त्री आणि अखेरीस विधवा, या सर्व अवस्थांतून ती जात असता वाचकाचेही वय वाढत होते. एका प्रकरणातून दुसऱ्याकडे जाताना मध्ये घरातली आजारपणे, लग्ने, मृत्यू घडत असतील. आज आपण दीर्घ काळाने तीच कादंबरी हाती घेतो, तेव्हा हा अवधी वेगळ्या रीतीने आपल्यालाही मिळालेला असतो.

पहिल्या वाचनात आपला सर्व संताप शंकरमामंजींवर खर्च होतो. यमूचे केशवपन बळजबरीने होते तो प्रसंग वाचून पुस्तक मिटून ठेवणारे वाचक या लेखकाने पाहिले आहेत. तोही त्यांपैकीच एक. पण चाळिशीनंतर वाचताना दृष्टी दुष्ट माणसावर फार वेळ टिकत नाही. ती चांगल्या माणसांकडे वळते. यमूचा दादा, गणपतराव, शिकलेला आहे, बहिणीवर जीव टाकणारा आहे. मुंबईतील सुधारक मंडळी सहृदय आहेत. त्यांना सर्व कळते, आणि तरीही ती ते टाळू शकत नाहीत. शंकरमामंजी आपण नाही, अशी खात्री प्रत्येकाला देता येते. गणपतराव आपण नाही, अशी खात्री देणे अवघड आहे. शीर्षकातील प्रश्न कोणाला उद्देशून आहे, हे अशा वेळी नव्याने तपासावे लागते. आणि तो विचारणारा लेखक त्या वेळी केवळ सव्वीस ते एकोणतीस वर्षांचा होता, हेही ध्यानात घ्या.

‘उषःकाल’ची गोष्ट याहून वेगळी. ही ऐतिहासिक कादंबरी 1895 ते 1897 या काळात ‘करमणूक’मध्ये आली. शाळकरी वयात ती गड, भुयारे, वेषांतरे यांसाठी वाचली जाते. सुलतानगडचे किल्लेदार रंगराव अप्पा विजापूर दरबाराशी एकनिष्ठ, तर मुलगा नानासाहेब शिवाजी महाराजांकडे ओढला जाणारा. तरुण वाचक नानासाहेबाच्या बाजूने उभा राहतो, यात नवल नाही. पण आपली मुले आपल्याला न पटणारी वाट धरू लागल्यानंतर ही कादंबरी पुन्हा वाचून पाहा. खाल्ल्या मिठाला जागणे हाच ज्याचा धर्म, त्या वृद्ध किल्लेदाराची घालमेल तेथे पहिल्यापासून होती. आपणच भुयाराच्या तोंडाशी घाई करीत होतो.

‘मी’ या कादंबरीबाबत मात्र प्रस्तुत लेखकाचा अनुभव संमिश्र आहे. भाऊचा भावानंद होतो, संसार नाकारून देशकार्याला वाहून घेतो, हे विशीत वाचताना अंगावर रोमांच उभे राहिले होते. पन्नाशीत तोच भाग काहीसा उपदेशपर वाटला आणि मन भाऊच्या ताईकडे व सुंदरीकडेच पुन्हा पुन्हा गेले. यात कादंबरी उणी पडली की वाचकातला उत्साह आटला, याचा निर्णय सोपा नाही. तुम्ही वाचाल तेव्हा स्वतःपुरते ठरवा.

हरिभाऊंवर पाल्हाळाचा आरोप नेहमी केला जातो आणि तो खोटा नाही. साप्ताहिकाची पाने भरावयाची असत. आनंदाश्रम संस्थेची व्यवस्था, पुणे नगरपालिकेचे काम, शिवाय संपादनाचा भार, अशा धावपळीत ते लिहीत होते. संक्षेप करावयाला सवड कोठून मिळणार? परंतु पूर्वी आपण जी पाने भराभर उलटली, त्यांतच बायकांचे आपसांतील बोलणे, सणांची तयारी, रुसवेफुगवे, पुण्या-मुंबईच्या बिऱ्हाडांतील लहानसहान व्यवहार आहेत. कथानकाची उत्सुकता उरलेली नसल्यामुळे दुसऱ्या वाचनात या पानांवर थांबता येते. परीक्षेच्या दृष्टीने नसले, तरी एकदा केवळ तीच पाने वाचून पाहावीत.

1912 मध्ये अकोला येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. ‘वज्राघात’ ही विजयनगरच्या विनाशावरील कादंबरी त्यांच्या अखेरच्या काळातील. ‘करमणूक’ सुमारे सत्तावीस वर्षे चालवून त्यांनी थांबविले. 3 मार्च 1919 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा पंचावन्न वर्षे पूर्ण व्हावयास पाच दिवस उरले होते. त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. ‘कर्मयोग’ त्यांपैकी एक.

पुढील घटकाकडे वळण्यापूर्वी ‘पण लक्षात कोण घेतो?’ची प्रत मिळवा, शक्य झाल्यास तुम्ही पूर्वी वाचलेलीच. समासात त्या वेळी केलेल्या खुणा असतील तर त्या खोडू नका. यमू आणि दादा यांच्या बालपणाच्या पहिल्या प्रकरणांपासून सुरुवात करा आणि नवी खूण वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने करा.