इरावती कर्वे
इरावती कर्वे (जन्म : १५ डिसेंबर १९०५, मिंज्यान, ब्रह्मदेश, मृत्यू : ११ ऑगस्ट १९७०, पुणे) या मानवशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ व मराठी लेखिका होत्या.

शिक्षण

त्यांचे शालेय शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत झाले. १९२६ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्या १९२८ मध्ये एम. ए. झाल्या. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम डोंगराळ भागात वस्ती असलेल्या महादेव कोळी समाजावर १९५७ मध्ये ग्रंथ लिहिणारे घुर्ये ते हेच. धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र दिनकर हे इरावतींचे पती.

बर्लिनमधील संशोधन

१९२८ मध्ये त्या बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत दाखल झाल्या. आनुवंशिकतेचा प्रभाव शोधण्यासाठी तेथे जुळ्यांचा अभ्यास केला जाई. एकसारख्या जुळ्यांचा आनुवंशिक वारसा जवळपास समान असतो. भिन्न जुळ्यांचा इतर सख्ख्या भावंडांइतकाच. म्हणून दोन्ही प्रकारच्या जोड्यांची तुलना करता येते. हीच पद्धत पुढे द्विध्रुवी मनोविकारालाही लावण्यात आली. एकसारख्या जुळ्यांत दोघांनाही हा विकार होण्याचे प्रमाण अधिक आढळले. मात्र प्रत्येक जोडीत तसे घडत नाही. आनुवंशिकता महत्त्वाची असली तरी तेवढ्यानेच विकाराचा उलगडा होत नाही, हे यावरून दिसते.

संस्थेचे संचालक ऑयगेन फिशर हे इरावतींचे मार्गदर्शक होते. कवटीची विषमता वंशानुसार बदलते, अशी त्यांची धारणा होती. युरोपीय व आफ्रिकी कवट्यांची मोजमापे घेऊन इरावतींनी असा संबंध आढळत नसल्याचा निष्कर्ष काढला. मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध जाऊनही त्यांना डॉक्टरेट मिळाली. नाझी राजवटीत हीच संस्था वंशशुद्धीच्या धोरणाला जुंपली गेली आणि आउश्वित्झ छळछावणीत जुळ्यांवर झालेल्या अमानुष प्रयोगांशी तिचा संबंध आला.

पुढील कार्य

१९३९ पासून त्यांनी पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात अध्यापन केले. महाराष्ट्रातील जातींची शरीरमापने घेताना, एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या जातीचे अंतर्विवाही गट परस्परांहून भिन्न असू शकतात, असे त्यांनी दाखविले. भारतीय नातेव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. महाभारतावरील 'युगान्त' या पुस्तकास १९६८ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.