लढवय्या ला फॉलेट

पराभव डोळ्यांसमोर दिसत असताही जो उमेदवार निवडणुकीतून माघार घेत नाही, त्याच्याविषयी लोक दोनच तर्क करतात. एक तर तो हट्टी असावा, नाही तर त्यास वस्तुस्थितीचे भान नसावे. अमेरिकेतील सिनेटर रॉबर्ट ला फॉलेट यांचे चरित्र वाचले म्हणजे याहून निराळेही एक कारण असू शकते, असे आम्हांस वाटते.

विस्कॉन्सिन राज्यातील प्रिमरोज या गावी, लाकडी ओंडक्यांच्या घरात, १४ जून १८५५ रोजी त्यांचा जन्म झाला. ते वर्षाचे होण्यापूर्वीच पितृछत्र हरपले. १८७९ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाची पदवी घेऊन दुसऱ्याच वर्षी ते आपल्या जिल्ह्याचे सरकारी वकील म्हणून निवडून आले. हे पद तेथे मतदानाने भरले जाते. १८८१ मध्ये त्यांचा विवाह बेल केस यांच्याशी झाला. त्या विद्यापीठातून कायद्याची पदवी मिळविणाऱ्या या पहिल्या महिला होत. १८८५ पासून १८९१ पर्यंत ला फॉलेट अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे सभासद होते.

त्या काळी पक्षाचा उमेदवार कोण असावा, हे मतदार ठरवीत नसत. पक्षाच्या अधिवेशनात पुढाऱ्यांच्या मर्जीने ते ठरे आणि त्या पुढाऱ्यांमागे रेल्वे कंपन्या व लाकडाचे धनाढ्य व्यापारी उभे असत. गव्हर्नरपदासाठी ला फॉलेट यांनी १८९६ व १८९८ मध्ये रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मागितली. दोन्ही वेळा अधिवेशनाने त्यांना डावलले. ते खचले नाहीत. गावोगावच्या जत्रांतून शेतकऱ्यांपुढे भाषणे करीत ते फिरले आणि १९०० मध्ये तिसऱ्या प्रयत्नात गव्हर्नर झाले. उमेदवाराची निवड प्रत्यक्ष मतदारांनीच करावी, असा कायदा त्यांनी आणला व १९०४ मध्ये जनतेने त्यास मतदानाने संमती दिली. हीच प्राथमिक निवडणूक होय.

राष्ट्राध्यक्षपदाची प्राथमिक निवडणूक सर्व राज्यांत एकाच दिवशी होत नाही. एकेका राज्याचे मतदान होत जाते, तसतसे उमेदवारांच्या पदरी प्रतिनिधी पडत जातात आणि अखेरचा निर्णय पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात होतो. मागे पडलेला उमेदवारही मूठभर प्रतिनिधी घेऊन तेथे जाऊ शकतो. कोणासच बहुमत न मिळाल्यास त्या मुठीला मोल येते. न आले तरी आपला कार्यक्रम साऱ्या देशापुढे मांडण्याची संधी मिळते. १९०८ च्या अधिवेशनात ला फॉलेट यांना अवघी २५ मते पडली. सिनेटर थेट जनतेने निवडावेत, ही त्यांच्या अनुयायांची सूचना ११४ विरुद्ध ८६६ मतांनी फेटाळली गेली. परंतु १९१३ मध्ये तीच गोष्ट घटनादुरुस्तीने देशाचा कायदा झाली!

त्यांची खरी कसोटी १९१२ मध्ये लागली. राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांच्याविरुद्ध पक्षातील सुधारणावाद्यांतर्फे ते उभे राहिले होते; पण अनेकांचे डोळे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्याकडे लागले होते. २ फेब्रुवारी रोजी फिलाडेल्फिया येथे भाषणास उभे राहिलेले ला फॉलेट श्रमाने थकले होते. मुलीवर शस्त्रक्रिया व्हावयाची असल्याने त्यांचे मन थाऱ्यावर नव्हते. भाषण दोन तासांहून अधिक लांबले, भरकटले, आणि श्रोते कंटाळून उठून गेले. तेवढे निमित्त पुरले. भराभर समर्थक रूझवेल्ट यांच्याकडे वळले. तरीही ला फॉलेट हटले नाहीत. १९ मार्च रोजी नॉर्थ डकोटा राज्यात त्यांनी रूझवेल्ट व टॅफ्ट या दोघांनाही हरविले आणि पुढे स्वतःचे विस्कॉन्सिनही जिंकले. जूनमध्ये शिकागोच्या अधिवेशनात १,०७८ प्रतिनिधींपैकी त्यांना ४१ मते मिळाली.

ही मते रूझवेल्ट यांच्या बाजूने वापरण्यास त्यांनी ठाम नकार दिला. टॅफ्ट यांना हरविण्याची संधी केवळ मत्सरामुळे दवडली, असा ठपका त्यांच्यावर आला. रूझवेल्ट यांची सुधारणांवरील निष्ठा वरवरची आहे, असे ला फॉलेट यांचे मत होते. आमच्या मते त्यांच्या नकारात तत्त्व होते आणि दुखावलेला अभिमानही होता. थोर पुरुषांच्या चरित्रातील अशी सरमिसळ झाकून ठेवण्याचे कारण नाही. तथापि केवळ पदाचाच लोभ असता, तर रूझवेल्ट यांच्याशी सौदा करणे त्यांना अधिक लाभाचे ठरले असते.

पुढेही ते एकटे पडण्यास भ्याले नाहीत. १९१७ मध्ये महायुद्धात उतरण्याविरुद्ध मत देणाऱ्या सहा सिनेटरांत ते होते. १९२४ मध्ये ते स्वतंत्र पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदासाठी लढले. सुमारे ४८ लक्ष, म्हणजे एकूण मतांच्या जवळजवळ एक षष्ठांश मते मिळूनही राज्य मात्र एक विस्कॉन्सिनच हाती आले. १८ जून १९२५ रोजी त्यांचे निधन झाले. १९५७ मध्ये सिनेटच्या समितीने पूर्वीच्या सर्व सिनेटरांतून पाच श्रेष्ठ निवडले, त्यांत त्यांचे नाव होते.

विद्यार्थिमित्रांनो, मागे पडलेला उमेदवार मैदानात का थांबला आहे, असा प्रश्न पडेल तेव्हा त्याच्या मतांची संख्या तेवढी मोजू नका. तो निघून गेला, तर कोणता विचार मांडणारा दुसरा कोणी उरणार नाही, हेही पाहा. असा विचार त्याच्यापाशी नसेल, तर त्याचा हट्ट पोकळ आहे. असेल, तर त्याचे थांबणे व्यर्थ नाही.