तुल्ल्यो काम्पान्योलो

शाळा सुटल्यावर एखाद्या मुलाच्या सायकलीचे चाक पंक्चर झाले, की पान्याची शोधाशोध सुरू होते. शर्यतीच्या जुन्या सायकलींना मात्र चाक काढण्यासाठी पाना लागत नाही. चाकाच्या मध्यभागी एक छोटी वळणदार दांडी असते. ती अर्धवर्तुळात उलटी फिरविली की चाक हाती येते. या दांडीशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले, त्या इटालियन कारागिराची ही हकिकत.

तुल्ल्यो काम्पान्योलो याचा जन्म 1901 साली उत्तर इटलीतील व्हिचेन्झा या नगरात झाला. वडिलांचे लोखंडी सामानाचे दुकान होते. त्यामुळे हत्यारांशी त्याचा परिचय लहानपणीच झाला. तरुणपणी त्याला सायकलींच्या शर्यतींचा नाद लागला. पुढच्या काळात त्याच्या वस्तू वापरणाऱ्या विजेत्यांच्या पंक्तीत त्याचे स्वतःचे नाव बसत नाही. पण शर्यतीतील कष्ट त्याने स्वतःच्या अंगावर घेतले होते, आणि पुढे उपयोगी पडले ते हेच.

त्या काळच्या सायकलीच्या मागील चाकाला दोन्ही बाजूंस दातेरी चक्रे असत; एका बाजूचे सपाटीसाठी, दुसऱ्या बाजूचे चढणीसाठी. घाटाच्या पायथ्याशी आले की स्वाराने खाली उतरावे, पंखासारखे कान असलेले दोन नट बोटांनी सैल करावेत, चाक काढून उलटे बसवावे, पुन्हा नट आवळावेत आणि मग चढू लागावे, असा तो द्राविडी प्राणायाम होता. नोव्हेंबर 1924 मधील एका शर्यतीत क्रोचे द'औने या घाटात बर्फ पडत होते. तुल्ल्योची बोटे गारठून बधिर झाली, नट काही केल्या फिरेना आणि प्रतिस्पर्धी पुढे निघून गेले, असे सांगतात. कोणी हे साल 1927 देतात. या कथेचा कागदोपत्री पुरावा कितपत आहे, याविषयीही अलीकडच्या संशोधकांनी शंका घेतल्या आहेत. साल कोणतेही असो, भर पावसात चोर्ल्याच्या घाटात जो कधी सायकल दुरुस्त करीत बसला असेल, त्याला बधिर बोटांची ही गोष्ट अविश्वसनीय वाटणार नाही. मला तरी वाटत नाही.

यावर त्याने काढलेला तोडगा विलक्षण साधा आहे. चाकाचा आस पोकळ करून त्यातून एक बारीक सळई आरपार घातली. सळईच्या एका टोकास नट आणि दुसऱ्या टोकास दांडी. दांडी ज्या खिळीभोवती फिरते तिचा मध्य किंचित बाजूला सरकविलेला असतो. त्यामुळे दांडी दाबताच सळई ओढली जाते आणि सांगाडा दोन्हीकडून घट्ट चिमटला जातो. या शोधाचे पेटंट 1930 चे, असे सर्वसाधारणपणे मानतात. 1933 मध्ये त्याने स्वतःच्या नावाचा उद्योग सुरू केला.

पुढचा प्रश्न धावत्या सायकलीवर गिअर बदलण्याचा होता. येथे तुल्ल्योने जो मार्ग धरला तो आज वाचून हसू येईल. स्वाराने पाठीमागे हात घालून एका दांडीने मागचे चाकच सैल करायचे, पायडल उलटे फिरवीत दुसऱ्या दांडीने साखळी सरकवायची आणि मग चाक पुन्हा आवळायचे. आणि हे सारे वेगात असताना! तथापि याच साधनावर जिनो बार्ताली याने 1948 ची फ्रान्सची महाशर्यत जिंकली. दोन दांड्यांचे काम एकाच दांडीवर आणलेल्या सुधारित साधनाने फाउस्तो कोप्पी 1950 मध्ये पॅरिस-रूबे शर्यतीत पहिला आला. त्या वेळी फ्रेंच कारागीर याहून सोयीची साधने करीत होते, हे मान्य केले पाहिजे. 1951 च्या सुमारास बाजारात आलेल्या 'ग्रान स्पोर्त' या डिरेलरमध्ये तुल्ल्योने समांतरभुज चौकोनाची रचना घेतली. तारेने ओढताच हा चौकोन तिरपा होतो आणि साखळी शेजारच्या चक्रावर ढकलतो. ही कल्पनाही फ्रान्समध्ये आधी येऊन गेली होती. तुल्ल्योचे श्रेय आहे ते मजबुतीचे आणि नेमकेपणाचे.

'रेकॉर्ड' मालिकेतील सुटे भाग 1958 पासून येऊ लागले. 1967 मध्ये हलक्या मिश्रधातूचा 'नुओव्हो रेकॉर्ड' डिरेलर आला. एडी मर्क्सने 1972 मध्ये मेक्सिकोत एका तासात 49.431 किलोमीटर अंतर तोडले, ते याच कारखान्याचे भाग जडविलेल्या सायकलीवर.

हे भाग आजही हौशी लोक शोधून विकत घेतात. आपल्या वाचकांपैकी कोणाच्या घरी अशी जुनी सायकल असल्यास काही खुणा सांगून ठेवतो. नुओव्हो रेकॉर्ड डिरेलरवर पेटंट या अर्थाच्या अक्षरांपुढे बहुधा दोन आकडे कोरलेले असतात. 72 असल्यास तो भाग 1972 च्या सुमाराचा समजावा. ज्यांवर आकडा नाही ते प्रायः त्याहून आधीचे. हबच्या आसावरील नटावरही पुष्कळदा वर्षाचे असेच दोन आकडे सापडतात. क्रँक घेताना मात्र तो पुसून उजेडात पाहावा. जेथे पाच भुजा मुख्य दांड्यास मिळतात तेथील खोबणीत केसासारखी बारीक भेग असली, तर चकाकी कितीही असो, तो घेऊ नये. स्वाराचा भार पेलताना तो मोडेल. दुसरे असे की, क्रँकचा आस ज्या नळीत बसतो तिचे आटे इटालियन सायकलींत 36 मिलिमीटर व्यासाचे आणि दोन्हीकडे उजवे असतात. इंग्रजी पद्धतीत व्यास कमी असून उजव्या बाजूचे आटे डावे असतात. हा भेद न जाणता पुष्कळांनी आपले सांगाडे बिघडवून घेतले आहेत.

तुल्ल्योचे डोके सायकलीपुरतेच चालले असे नाही. 1960 च्या दशकात त्याच्या कारखान्याने मोटारींसाठी मॅग्नेशियमची चाके ओतली. बाटलीचे बूच काढण्याचे एक भलेमोठे यंत्रही त्याने 1966 मध्ये केले, आणि तेही संग्राहक आज हौसेने जपतात.

1983 च्या फेब्रुवारीत त्याचा मृत्यू झाला. कारखान्याचे ते पन्नासावे वर्ष होते. त्यानिमित्त सोनेरी झळाळीचे क्रमांकित संच पेटीत घालून विक्रीस आले, ते तो गेल्यानंतर. कारभार मुलगा व्हालेन्तिनो याच्याकडे गेला. क्रोचे द'औने घाटात तुल्ल्योचे स्मारक उभारलेले आहे.