पूर्वजांचे पाप आणि काळा पडदा

धर्माच्या नावाने ज्यांनी माणसे मारली, त्यांच्या वंशजांनी पुढे काय करावे? बहुतेक जण पूर्वजांचे पोवाडेच गातात. अमेरिकन कथाकार नॅथॅनिएल हॉथॉर्न यांनी तसे केले नाही. म्हणून त्यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत.

हॉथॉर्न यांचा जन्म ४ जुलै १८०४ रोजी मॅसॅच्युसेट्समधील सेलम या बंदराच्या गावी झाला. वडील जहाजाचे कप्तान होते. मुलगा लहान असतानाच ते परमुलखात तापाने वारले. घराणे जुने, प्युरिटन या कडव्या ख्रिस्ती पंथाचे. मूळ पुरुष विल्यम हॅथॉर्न यांनी क्वेकर पंथीयांचा छळ केला, त्यांच्या स्त्रियांनाही चाबकाचे फटके देवविले. त्यांचे पुत्र जॉन हे १६९२ च्या सेलममधील चेटूक खटल्यांत दंडाधिकारी होते. त्या वर्षी १९ निरपराध माणसे फासावर गेली. सॅम्युएल सेवॉल या न्यायाधीशांनी १६९७ मध्ये भर चर्चमध्ये आपला दोष कबूल केला. जॉन हॅथॉर्न यांनी तशी कबुली दिल्याची नोंद नाही.

ती कबुली वंशजाने दिली. त्यांनी तरुणपणी आडनावात एक अक्षर वाढवले आणि १८५० च्या 'द स्कार्लेट लेटर' या कादंबरीच्या प्रस्तावनेत पूर्वजांची लाज जाहीरपणे स्वतःवर घेतली. त्याआधी १८३५ च्या 'यंग गुडमन ब्राऊन' कथेत तर त्यांनी धार्मिकतेचे सोंगच उघडे पाडले. ब्राऊन रात्री रानात जातो. तिथे भेटलेला सैतान सांगतो की, तुझ्या आजोबाने क्वेकर बाईला फटके मारले तेव्हा मीच त्याच्या मदतीला होतो. पुढे सैतानाच्या मेळाव्यात गावातले पाद्री आणि भाविकच ब्राऊनला दिसतात! दुसऱ्या एका कथेतला पाद्री तोंडावर काळा पडदा घेतो आणि मरेपर्यंत काढत नाही. लोक त्या कापडाला का भितात? कारण प्रत्येकाच्या मनात काहीतरी झाकलेले असते.

मग हॉथॉर्न यांचा स्वतःचा पडदा कोणता? आमच्या मते तो गुलामगिरीचा. कॉलेजमित्र फ्रँकलिन पिअर्स राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले तेव्हा १८५२ मध्ये हॉथॉर्न यांनी त्यांचे प्रचारचरित्र लिहिले. गुलामगिरी माणसाच्या उपायांनी जाणार नाही, ती दैवी योजनेने योग्य वेळी नाहीशी होईल, असा त्यातला सूर. पिअर्स निवडून आले. हॉथॉर्न यांना १८५३ मध्ये लिव्हरपूलच्या वकिलातीतले पद मिळाले. १८५४ मध्ये त्याच पिअर्स यांनी सही केलेल्या कायद्याने नव्या प्रदेशांत गुलामगिरीला वाट मोकळी झाली. दीडशे वर्षांपूर्वीच्या फाशीचे दोर ज्यांना दिसले, त्यांना आपल्या काळातल्या बेड्यांसाठी देवाची वाट पाहावीशी वाटली!

१९ मे १८६४ रोजी, यादवी युद्ध चालू असताना, पिअर्स यांच्याबरोबर प्रवासात असतानाच हॉथॉर्न वारले. १८६५ च्या डिसेंबरात घटनादुरुस्ती झाली आणि गुलामगिरी कायद्याने संपली. ती कोणत्याही दैवी योजनेने संपली नाही. पळून गेलेल्या, बंदूक हाती घेतलेल्या गुलामांनी आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या माणसांनी ती संपवली.

हॉथॉर्न यांच्या कथा जरूर वाचाव्यात. पण पूर्वजांच्या पापाची लाज वाटणाऱ्याला, आज तुम्ही कोणाच्या बाजूने उभे आहात, हेही विचारले पाहिजे.