त्याला टाळ्या, तिला तुरुंग

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इटलीत सायकल शर्यतींचं वेड आपल्याकडच्या क्रिकेटसारखंच होतं. आणि त्या वेडाचा राजा होता फाउस्तो कोप्पी.

त्याचा जन्म १५ सप्टेंबर १९१९ चा, उत्तर इटलीतल्या कास्तेलानिया या डोंगरावरच्या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी. शाळा लवकर सुटली आणि पोरगा नोव्ही लिगुरे गावात खाटकाच्या दुकानी कामाला लागला. सायकलवरून घरोघर मटण पोहोचवता पोहोचवता पाय तयार झाले. बियाजो काव्हान्ना नावाच्या मालिश करणाऱ्या अंध उस्तादाने त्याला हेरलं, घडवलं. १९४० मध्ये, अवघ्या विसाव्या वर्षी फाउस्तोने देशातली सगळ्यात मोठी शर्यत, 'जिरो दि'तालिया' जिंकली!

मग युद्धाने त्याला सैनिक केलं. १९४३ मध्ये आफ्रिकेत तो इंग्रजांचा कैदी झाला. परत आला तो जणू उट्टं काढायलाच. जिरो एकूण पाच वेळा, फ्रान्सची 'टूर' दोनदा. १९४९ मध्ये त्याने या दोन्ही शर्यती एकाच वर्षी जिंकल्या. तोवर हे कुणालाच जमलं नव्हतं. त्याच वर्षी जिरोच्या एका टप्प्यात पाच घाट ओलांडत तो १९२ किलोमीटर एकटाच पुढे होता. कडवा प्रतिस्पर्धी जिनो बार्ताली जवळजवळ बारा मिनिटं मागे!

घरी पत्नी ब्रुना आणि १९४७ मध्ये जन्मलेली लेक मारिना. ब्रुनाला या शर्यतींची धास्ती वाटायची, आणि ती काही उगीच नव्हती. १९५१ मध्ये फाउस्तोचा धाकटा भाऊ सेर्से शर्यतीत पडला, डोक्याला मार लागून गेला.

याच सुमारास त्याच्या आयुष्यात जुलिया ओक्किनी आली. एका डॉक्टरची बायको, दोन मुलांची आई. १९५३ मध्ये फाउस्तो जगज्जेता झाला तेव्हा लोकांनी तिला त्याच्याजवळ पाहिलं. तिच्या पांढऱ्या कोटावरून वर्तमानपत्रांनी तिला 'पांढऱ्या वेशातली बाई' हे नाव दिलं. तिचं खरं नाव मागेच पडलं.

मैत्रिणींनो, दोन संसार मोडले. ब्रुनाचं आणि तीन लेकरांचं दुःख खोटं नव्हतं. पण पुढे काय झालं ते बघा. इटलीत तेव्हा घटस्फोटच नव्हता. बायकोचा परपुरुषाशी संबंध हा सरळ गुन्हा. नवऱ्याचा गुन्हा मात्र कधी? त्याने दुसरी बाई घरात आणून ठेवली किंवा बाहेर उघडउघड ठेवली, तरच! जुलियाच्या नवऱ्याने तक्रार केली आणि सप्टेंबर १९५४ मध्ये पोलिसांनी तिला तुरुंगात नेलं. नंतर दूरच्या आंकोना शहरात नातेवाइकांकडे राहण्याची सक्ती झाली. फाउस्तो? तो शर्यतीत उतरतच राहिला. १९५५ मध्ये निकाल लागला: तिला तीन महिने, त्याला दोन. दोघांचीही शिक्षा स्थगित झाली, पण बदनामीचं ओझं जास्त कुणाच्या वाट्याला आलं, हे सांगायला नकोच.

त्याच वर्षी मुलगा झाला, फाउस्तिनो. इटलीत जन्मला असता तर तो कायद्याने जुलियाच्या नवऱ्याचा ठरला असता! बाळाला खऱ्या बापाचं नाव मिळावं म्हणून बाळंतपणासाठी तिला थेट अर्जेंटिना गाठावं लागलं.

डिसेंबर १९५९ मध्ये फाउस्तो आफ्रिकेत, आजच्या बुर्किना फासोत गेला. शर्यत, शिकार, मौज. परतला तो ताप घेऊनच. तो मलेरिया आहे हे इटलीतल्या डॉक्टरांच्या ध्यानातच आलं नाही. सोबत गेलेल्या फ्रेंच सायकलपटूलाही तोच ताप आला होता, पण त्याचं निदान वेळेत झालं आणि तो वाचला. फाउस्तो २ जानेवारी १९६० रोजी गेला. वय फक्त ४०.

बायकोलाच आधी गुन्हेगार ठरवणारं ते कलम न्यायालयाने १९६८ मध्ये रद्द केलं. १९७० मध्ये घटस्फोटाचा कायदा आला. २०१९ मध्ये, त्याच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, फाउस्तोच्या गावाचं नावच 'कास्तेलानिया कोप्पी' झालं. त्याचं नाव गावाला लागलं. जुलियाला मात्र अजूनही अनेकजण त्या पांढऱ्या कोटावरूनच ओळखतात.