वरणाची वाटी आणि कमलाबाई

कळमन्यात राहणाऱ्या बाईला डाळीचं काय अप्रूप? तुरीचा हंगाम आला की धान्यबाजारात पोत्यांच्या थप्प्या लागतात. पण मैत्रिणींनो, याच डाळीची वाटी मी माझ्या सुनेच्या ताटातून मागे सरकवली होती. बाळ मोठं झालं तर बाळंतपण जड जाईल, हे सासूबाईंचं बोलणं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यात सातव्या महिन्यात तिचं बीपी वाढलं. नातू झाला तो एक किलो नऊशे ग्रॅमचा.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, समजावून सांगितलं. आपण खाल्लेल्या प्रथिनांचे पोटात बारीक घटक होतात, ती अमिनो आम्लं. आईच्या रक्तातून वारेवाटे ती बाळाला पोहोचतात आणि त्यातूनच बाळाचं अंग भरतं. बीपी वाढलं की वारेचा रक्तपुरवठा कमी पडू शकतो. वरून आईचंच ताट रिकामं असेल, तर बाळाने घ्यायचं कुठून? मी गप्पच झाले.

त्याच दिवसांत कमला सोहोनींविषयी वाचलं. या माहेरच्या भागवत, जन्म १९११ चा, इंदूरचा. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिली आल्यावर त्यांनी बंगळूरच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी सरळ नकार दिला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत, सत्याग्रहाला बसल्या. शेवटी रामननी घेतलं, पण अटी घालून. पहिलं वर्ष चाचणीचं! वर्षभरात त्यांचं काम पाहून रामनना मत बदलावं लागलं, आणि पुढे मुलींसाठी संस्थेचं दार उघडलं.

तिथे त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. मग केंब्रिजला गेल्या. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल शोधणारे हॉपकिन्स तिथे होते. बटाट्यावर काम करताना वनस्पतीच्या पेशींतही सायटोक्रोम सी असतं, हे कमलाबाईंनी दाखवलं आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. विज्ञानातली ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या काही भारतीय स्त्रियांपैकी त्या एक.

परदेशात राहता आलं असतं, पण त्या परतल्या. दिल्ली, कुन्नूर करत १९४७ मध्ये लग्नानंतर मुंबईत आल्या आणि विज्ञान संस्थेत शिकवू लागल्या. तिथे त्यांनी विषय निवडले ते गरिबाच्या ताटातले. वालासारख्या कच्च्या कडधान्यांत प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, त्यावर त्यांनी काम केलं. कडधान्य नीट शिजवून खावं, हे आजी सांगायची त्यामागचं हे कारण! नीरेवरही त्यांनी संशोधन केलं. आदिवासी भागातल्या कुपोषित मुलामुलींना आणि गरोदर बायकांना नीरा दिल्यावर तब्येत सुधारलेली दिसली. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. तरी संचालकपदासाठी त्यांना चार वर्षं ताटकळावं लागलं. निवृत्तीनंतर ग्राहक चळवळीत उतरून भेसळीविरुद्ध लढल्या. १९९८ मध्ये दिल्लीत त्यांचा सत्कार होता, तिथेच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या.

एवढी शिकलेली बाई आयुष्यभर आपल्या वाटीतल्या वरणाचा विचार करत राहिली, आणि मी ती वाटीच उचलून ठेवली होती!

डाळीत जे अमिनो आम्ल कमी, ते भातापोळीत असतं. भातापोळीत कमी, ते डाळीत. म्हणून वरण-भात ही जोडी. बीपीचं औषधपाणी डॉक्टरांनीच करायचं, पण ताट आपल्या हातात आहे. नातू आता घरभर रांगतो. सून अजून अंगावर पाजते. आमच्याकडे हल्ली पहिलं ताट तिचं वाढलं जातं, आणि वरण मी स्वतः वाढते.