झिजलेली नाणी वाचणारा जेम्स प्रिन्सेप



सम्राट अशोकाचं नाव आज आपल्या घराघरांत आहे. पण 1830 च्या सुमारास त्याच्या स्तंभांवरची अक्षरं वाचता येणारा माणूस भारतात उरला नव्हता. ती ज्याने वाचली, तो जेम्स प्रिन्सेप टाकसाळीतला नोकर होता. म्हणून आम्हां गिरणी कामगारांना तो जवळचा वाटतो.

20 ऑगस्ट 1799 रोजी इंग्लंडमध्ये जन्मलेला प्रिन्सेप 1819 साली कलकत्त्याला आला. सोन्याचांदीचा कस पाहणे हे त्याचं काम. पुढे दहाएक वर्षं तो बनारसच्या टाकसाळीत होता. 1832 मध्ये तो एशियाटिक सोसायटीचा चिटणीस झाला आणि पंजाब-अफगाणिस्तानातून जुनी नाणी त्याच्याकडे येऊ लागली. एका बाजूला ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला उजवीकडून डावीकडे लिहिलेली खरोष्ठी. पण पार झिजलेली! एकावर राजाच्या नावाची सुरुवात गेलेली, तर दुसऱ्यावर शेवट. प्रिन्सेप त्यांची चित्रं काढी, एकाच राजाची नाणी शेजारी मांडी. एकावर पुसलेलं दुसऱ्यावर सापडे. दोन्ही बाजूंना एकच नाव आहे, हे चार्ल्स मॅसनने हेरलं होतं. ग्रीक नावावरून मग खरोष्ठी अक्षरं उलगडू लागली. ह्याच नाण्यांत मिनँडर, म्हणजे आपला मिलिंद राजा, होता.

1836 साली लासेनने अगॅथोक्लीसच्या नाण्यावरची ब्राह्मी वाचली. 1837 मध्ये प्रिन्सेपने सांचीच्या कठड्यावरचे छोटे छोटे लेख पुढे घेतले. पुष्कळांच्या शेवटी तीच दोन अक्षरं. तो शब्द होता दानं! ती दात्यांची नावं होती, त्यांत साधी माणसं, भिक्खू, भिक्खुणी. आपल्या विहारात देणगीदारांची नावं लिहितात, तशीच. ब्राह्मी उलगडली आणि स्तंभावरचा पियदसी राजा बोलू लागला. तो अशोकच, हे टर्नरने सिंहलच्या पाली ग्रंथांवरून दाखवलं.

अतिश्रमाने प्रिन्सेप आजारी पडला. 1838 मध्ये त्याला मायदेशी नेलं. 22 एप्रिल 1840 रोजी, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, तो वारला. तो कंपनी सरकारचा नोकर होता, हे आम्ही विसरत नाही. पण त्याचे उपकारही विसरत नाही.

गावाकडे शेतात जुनं नाणं सापडलं तर चिंच लावून घासू नका, सोनाराला वितळवायला देऊ नका. तहसील कचेरीत कळवा. उरलंसुरलं एक अक्षरही इतिहास सांगतं.

जेम्स प्रिन्सेपला आमचं विनम्र अभिवादन. जयभीम!